वेग आणि वीजबचत: एकाच सुधारणेची दोन नावे की दोन वेगळ्या गोष्टी?

नोंदकर्ता (धागाकर्ता)

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी डेटाबेसवर चालणाऱ्या प्रणाली लिहितो आहे. ब्लॉकचेनशी, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे (ब्लॉक) एकाला एक जोडून अनेकांनी मिळून ठेवलेल्या साखळीशी, माझा संबंध मात्र जेमतेम आठ महिन्यांचा आहे. यंत्राचा सुटा भाग कोणत्या कारखान्यातून निघाला, कोणी तपासला आणि कोणाकोणाच्या ताब्यात गेला याची नोंद, एकमेकांवर पूर्ण विश्वास नसलेल्या अनेक कंपन्यांनी मिळून ठेवायची, असे काम आमच्या गटाकडे आले आहे. त्यासाठी कोणता प्लॅटफॉर्म निवडावा यावर टिपण लिहायचे माझ्याकडे आहे.

वाचायला बसल्यावर एक गोष्ट खटकली. प्रत्येक नव्या साखळीच्या माहितीत ‘वेगवान’ आणि ‘ऊर्जाक्षम’ हे शब्द जोडीनेच येतात. जणू एक मिळाले की दुसरे आपोआप पदरात पडते. पण इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंग (गणिते सोडवण्याच्या शर्यतीतून पुढचा ब्लॉक कोणाचा हे ठरवण्याची पद्धत) सोडले तेव्हा विजेचा वापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी घटला, आणि दोन ब्लॉकमधले अंतर मात्र साधारण १३ सेकंदांवरून १२ सेकंदांवर आले, एवढेच. वीज वाचली, वेग होता तिथेच राहिला. मग या दोन सुधारणांचे मूळ एक आहे का? नसेल, तर वेगाची किंमत कोण मोजते? ज्यांनी या साखळ्यांवर प्रत्यक्ष काम केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. नाण्यांच्या भावांची चर्चा या धाग्यावर कृपया नको.

कारकून_१६बिट

शेवटच्या वाक्याबद्दल आपले आगाऊ आभार. ते किती प्रतिसादांपर्यंत टिकते, हे कुतूहलाने पाहत आहे.

मूळपद

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर बिटकॉइनच्या आधीपासून सुरू होते. गणित सोडवून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाही, ही कल्पना सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये नको असलेल्या ईमेलना आवर घालण्यासाठी मांडली होती. त्याच हेतूचे ॲडम बॅक यांचे हॅशकॅश १९९७ चे. बिटकॉइनचे निर्माते सातोशी नाकामोतो यांनी २००८ मध्ये तिचा उपयोग निराळ्याच कामासाठी केला: वहीचे पुढचे पान कोणी लिहायचे, याची सोडत काढण्यासाठी. म्हणजे मायनिंगमध्ये जळणारी वीज व्यवहार तपासण्यात जातच नाही. ती सोडतीची तिकिटे विकत घेण्यात जाते. एकाच माणसाने हजार नावे धारण करून हजार मते देऊ नयेत, म्हणून तिकिटाला किंमत लावलेली आहे.

हीच किंमत विजेऐवजी अडकवून ठेवलेल्या नाण्यांच्या रूपाने घ्यावी, हे २०१२ मध्ये सनी किंग आणि स्कॉट नदाल यांच्या पीअरकॉइनने पहिल्यांदा अंशतः करून दाखवले. वीजबचतीचा मूळ विचार तेवढाच आहे. त्यात वेगाचा उल्लेख कुठेच नाही.

तरीही मुळे अगदीच वेगळी आहेत, असे मी म्हणणार नाही. मिगेल कास्त्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९९९ मध्येच असा प्रोटोकॉल दिला होता की, एक तृतीयांशापेक्षा कमी सभासद लबाड असतील तर बाकीच्यांचे एकमत झटपट होते आणि ते नंतर फिरत नाही. त्याची अट एकच होती, की सभासदांची यादी आधी ठाऊक हवी. मायनिंगमध्ये ती यादी नसतेच. कोणीही येतो, कोणीही जातो. नाणी अडकवण्याच्या पद्धतीत, म्हणजे प्रूफ ऑफ स्टेकमध्ये, कोणी किती नाणी अडकवली हे साखळीवरच लिहिलेले असल्यामुळे यादी आपसूक तयार होते आणि ही जुनी विद्या पुन्हा कामाला येते. एवढ्याच एका पायरीवर वीजबचत आणि वेग एकमेकांना भेटतात. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

विद्युल्लता

मूळपद यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. एक भर घालते. ‘एका बिटकॉइन व्यवहाराला इतकी वीज लागते’ अशी जी तुलना सर्रास दिसते, ती दिशाभूल करणारी आहे. ब्लॉक रिकामा असला तरी मायनर तितकीच वीज जाळतात, आणि व्यवहार दुप्पट बसवले तरी वीज दुप्पट होत नाही. भागाकार करून आलेला आकडा ऐकायला भयंकर वाटतो, पण तो पाहून ‘व्यवहार कमी केले तर वीज वाचेल’ असा निष्कर्ष कोणी काढला तर तो साफ चुकेल. मी मायनिंगची बाजू घेत नाही. एकूण वापर प्रचंड आहेच आणि तो कमी व्हायलाच हवा होता. फक्त भागाकार करू नये.

सेकंदाला सुमारे ७ व्यवहार ही बिटकॉइनची मर्यादासुद्धा मायनिंगमुळे नाही. ती ब्लॉकच्या आकारामुळे आणि दहा मिनिटांच्या अंतरामुळे आहे, आणि हे दोन्ही आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. इथेरियमही सात वर्षे मायनिंगवरच १३ ते १५ सेकंदांचे ब्लॉक काढत होतेच.

जुनाजाणता

दहा मिनिटांवरून आठवले. डॅनियल लॅरिमर यांनी जुलै २०१० मध्ये सातोशींपुढे हाच आक्षेप ठेवला होता, की दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाने खात्रीसाठी दहा मिनिटे थांबायचे, हे चालणार नाही. सातोशींनी उपाय सुचवला, आणि शेवटी, तुम्हाला पटत नसेल किंवा कळत नसेल तर पटवत बसायला मला वेळ नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन विषय मिटवला. ते उत्तर आजही लोक एकमेकांच्या तोंडावर फेकतात, पण ज्याला ते मिळाले त्याने पुढे काय केले हे फारसे कोणी सांगत नाही. लॅरिमर यांनी २०१४ मध्ये बिटशेअर्स, २०१६ मध्ये स्टीम आणि २०१८ मध्ये इओएस अशा तीन साखळ्या उभ्या केल्या; इओएसमध्ये तर ब्लॉक अर्ध्या सेकंदाला येत असे. एका तुटक उत्तराला दिलेले आठ वर्षांचे प्रत्युत्तर म्हणावे लागेल.

त्यांची युक्ती साधी होती. सगळ्यांनी मतदान करून मोजके प्रतिनिधी निवडायचे आणि ब्लॉक त्यांनीच आळीपाळीने काढायचे. इओएसमध्ये असे फक्त २१ प्रतिनिधी होते. वीस-बावीस यंत्रांचे एकमत अर्ध्या सेकंदात होणार यात आश्चर्य नाही. पण मोठे मतदार थोडके असले की ते एकमेकांच्या सोयीने मते देतात, असे आरोप सुरू व्हायलाही वेळ लागला नाही. धागाकर्त्यांच्या ‘किंमत कोण मोजते’ या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे: ज्यांना त्या २१ मध्ये कधीच जागा मिळणार नाही ते.

हॅशांबर

प्रतिनिधी कमी न करता वेग वाढवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न सोलानाचा आहे, त्यामुळे तो थोडा सविस्तर सांगतो. सोलानाचे संस्थापक अनातोली याकोवेन्को आधी क्वालकॉममध्ये होते, आणि त्यांच्या रचनेवर दूरसंचाराची छाप स्पष्ट दिसते: सगळ्यांची घड्याळे जुळलेली असली तर ‘आता कोणाची पाळी’ हे विचारत बसावे लागत नाही. पण अनोळखी यंत्रांच्या घड्याळांवर विश्वास कसा ठेवायचा? २०१७ च्या अखेरीस त्यांनी उपाय मांडला तो असा. एका संख्येचा हॅश (उलट काढता न येणारे, ठशासारखे गणिती उत्तर) काढायचा, आलेल्या उत्तराचा पुन्हा हॅश काढायचा, आणि हे अखंड चालू ठेवायचे. प्रत्येक पायरीला आधीचे उत्तर लागत असल्यामुळे कितीही यंत्रे जुंपली तरी हे काम वाटून घेता येत नाही, म्हणून झालेल्या पायऱ्यांची संख्या हाच वेळ गेल्याचा पुरावा ठरतो. तपासणाऱ्याच्या हातात मात्र सगळ्या पायऱ्या तयार असतात, म्हणून तो ते तुकडे प्रोसेसरच्या अनेक कोअरवर टाकून भराभर तपासू शकतो. मार्च २०२० मध्ये मेननेट (प्रत्यक्ष वापराची साखळी) सुरू झाले. स्लॉट, म्हणजे एका ब्लॉकसाठी ठरलेला वेळ, साधारण ४०० मिलिसेकंदांचा.

किंमत १४ सप्टेंबर २०२१ रोजी दिसली. एका नव्या टोकनच्या विक्रीवर बॉट तुटून पडले, सेकंदाला ४ लाखांपर्यंत व्यवहार येऊन आदळले, व्हॅलिडेटरांची (व्यवहार तपासून मते देणाऱ्या यंत्रांची) मेमरी संपली आणि साखळी सुमारे १७ तास थांबली. त्यानंतर ज्या दुरुस्त्या झाल्या त्या एकमताच्या गणितात नव्हत्या. व्यवहार कोणत्या मार्गाने आत घ्यायचे, गर्दीत कोणाला प्राधान्य द्यायचे आणि एकाच खात्यावर झुंबड उडाली तर फक्त तिथलेच शुल्क कसे वाढवायचे, या रहदारीच्या नियमांमध्ये त्या झाल्या. मला वाटते, सोलानाच्या विकसकांचे खरे काम या काळातले आहे, पहिल्या कागदातले नाही.

कारकून_१६बिट

साखळी १७ तास बंद राहिली, म्हणजे त्या काळापुरती ती जगातील सर्वांत ऊर्जाक्षम साखळी होती, असे नोंदवून ठेवावे.

हॅशांबर

तेही खरे नाही, कारकूनसाहेब. साखळी थांबली तरी यंत्रे सुरूच होती आणि त्यांचे मालक जागेच होते.

तळघरातला_नोड

मी इथेरियमचा एकच व्हॅलिडेटर चालवतो, तोही साध्या छोट्या संगणकावर. मीटर लावून पाहिले तेव्हा तो पन्नास-साठ वॅटच्या आसपास वीज घेत होता, म्हणजे जुन्या काळच्या एका बल्बाएवढी. म्हणून वीजबचतीबद्दल मला शंका नाही. पण किंमत कोण मोजते हे विचारलेत, तर माझी हकिकत ऐका.

२०२३ मध्ये मी नवा संगणक घेतला. जुन्यावरची सेवा बंद केली, सही करायच्या गुप्त किल्ल्या नव्यावर आणल्या, सगळे तपासले आणि झोपलो. रात्री वीज गेली. ती परत आल्यावर जुना संगणक आपण होऊन सुरू झाला आणि त्यावरची सेवाही सुरू झाली, कारण मी ती फक्त थांबवली होती. संगणक सुरू होताच चालणाऱ्या सेवांच्या यादीतून काढायला विसरलो होतो. आता एकाच किल्लीने दोन यंत्रे सही करू लागली. एकाच वेळी दोन वेगवेगळी मते दिली गेली, आणि प्रोटोकॉलच्या दृष्टीने मी लबाड ठरलो. त्या वेळच्या नियमानुसार अडकवलेल्या ३२ इथरमधला (इथर हे इथेरियमचे नाणे) १ इथर लगेच कापला गेला, मला यादीतून बाहेर काढले गेले आणि उरलेले पैसे परत मिळेपर्यंत सुमारे ३६ दिवस बारीकसारीक दंड चालू राहिला. गंमत अशी की मी चार दिवस संगणक बंद ठेवून फिरायला गेलो असतो, तर त्या काळात जेवढे मिळाले असते साधारण तेवढेच गेले असते. या व्यवस्थेत आळशी माणसाला स्वस्तात सुटता येते. तत्पर माणसाने मात्र सांभाळून राहावे.

विद्युल्लता

तळघरातला_नोड, वाईट वाटले. किल्ल्या हलवताना नव्या यंत्रावर सही सुरू करण्यापूर्वी दोन-तीन इपॉक (मतदानाच्या फेऱ्या) जाऊ द्यावेत, आणि जुन्या यंत्रावरून सेवा नव्हे तर किल्लीच पुसावी, असा नियम आमच्या गटात अशाच एका प्रसंगानंतर झाला.

तळघरातला_नोड

आभारी आहे. जुना संगणक आता फक्त हिशेब लिहायला वापरतो.

बाइटभर

सोलानाच्या व्हॅलिडेटरचा खर्च अजून कोणी सांगितला नाही, म्हणून सांगतो. एका छोट्या गटाबरोबर मी तो वर्षभर चालवला आहे. तिथे व्हॅलिडेटरचे प्रत्येक मत हा साखळीवरचा व्यवहारच असतो आणि त्याला शुल्क पडते. ४०० मिलिसेकंदांचा स्लॉट धरला तर दिवसाला २,१६,००० स्लॉट होतात. प्रत्येक मताला ०.०००००५ सोल (सोलानाचे नाणे), म्हणजे दिवसाला १ सोलपेक्षा किंचित जास्त रक्कम निव्वळ मते देण्यात जाते. शिवाय काही शे जीबी रॅम असलेला सर्व्हर आणि तितकीच दणकट इंटरनेट जोडणी लागते. तळघरातला_नोड यांचा छोटा संगणक तिथे दाराबाहेरच उभा राहील.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ‘सेकंदाला इतके हजार व्यवहार’ असा आकडा दिसला की त्यात मते धरली आहेत का, हे आधी विचारावे. मते वगळली की आकडा बराच खाली येतो. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. आमचा अनुभव एकंदरीत चांगला होता. पण वीज कमी लागते याचा अर्थ स्वस्तात भाग घेता येतो, असा होत नाही.

मूळपद

बाइटभर यांनी नेमके बोट ठेवले. याच्या दुसऱ्या टोकाला अल्गोरँड ही साखळी आहे. तिचे जनक सिल्व्हिओ मिकाली यांना २०१२ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळालेला होता. त्यांनी आपल्याच १९९९ मधल्या एका शोधाचा इथे उपयोग केला. प्रत्येक जण आपल्या गुप्त किल्लीने घरच्या घरी सोडत काढतो, आणि आपली निवड झाली की पुराव्यासकट मत जाहीर करतो. तोपर्यंत कोण निवडले गेले हे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते, म्हणून हल्लेखोराने कोणाला गाठायचे हा प्रश्नच राहतो. आणि मत जाहीर झाले तोवर त्याचे काम झालेले असते. जून २०१९ मध्ये मेननेट आले. ब्लॉक काही सेकंदांत येतो आणि आला की अंतिमच असतो. गणिती सौंदर्याच्या बाबतीत यापुढे मला दुसरे काही दिसत नाही.

जुनाजाणता

सौंदर्य मान्य, पण विकसक कुठे आहेत? कार्डानो या साखळीचेही तेच झाले. तिच्या औरोबोरोस या एकमताच्या पद्धतीचा प्रबंध उत्तम होता, साखळी सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (साखळीवर चालणारे प्रोग्राम) आले सप्टेंबर २०२१ मध्ये. चार वर्षांत लोक सॉलिडिटी ही इथेरियमची प्रोग्रामिंग भाषा शिकून, त्यात चुका करून, त्या चुकांवर उपाय शोधून मोकळे झाले होते.

मूळपद

चुकांचे आपण फार सहज बोलता. २०१६ च्या जूनमध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या सामाईक निधीतून सुमारे ३६ लाख इथर निघून गेले आणि शेवटी साखळीचीच दोन शकले झाली, ती अशाच एका शिकाऊ चुकीमुळे. घाई न करण्यालाही काही मूल्य आहे.

जुनाजाणता

मूल्य आहे, हे मी नाकारत नाही. एवढेच म्हणतो, की ती चूक झाल्यावर जगभरच्या प्रोग्रामरना ‘आधी शिल्लक कमी करा, मग पैसे पाठवा’ हे जे कळले, ते कोणताही प्रबंध वाचून कळले नसते.

विद्युल्लता

तुमच्या वादात एक मुद्दा राहून जातो आहे. अडचण आली की साखळीने थांबायचे की खात्री नसताना पुढे जायचे, हा निर्णयही विकसकांनीच आधी घेऊन ठेवलेला असतो. मे २०२३ मध्ये इथेरियमवर लागोपाठ दोन दिवस काही काळ अंतिमता (ब्लॉक आता फिरणार नाही याची खात्री) मिळत नव्हती, कारण काही क्लायंट सॉफ्टवेअर (साखळी चालवणारे प्रोग्राम) जुनी मते तपासण्याच्या भाराखाली दबले होते. पण ब्लॉक येत राहिले, इतर क्लायंटनी गाडा ओढला, आणि सामान्य वापरणाऱ्याला पत्ताही लागला नाही. एकच सॉफ्टवेअर सगळीकडे चालत असते तर हे जमले नसते. सोलानामध्ये फायरडान्सर हा वेगळा क्लायंट मुळापासून लिहायला घेतला गेला, त्यामागे वेगाइतकेच हेही कारण आहे.

नोंदकर्ता यांना एक व्यावहारिक सूचना. इथेरियमने २०२० च्या अखेरीस वेगाचे काम रोलअपकडे (व्यवहार बाहेर चालवून त्यांची माहिती मूळ साखळीवर टाकणाऱ्या प्रणालींकडे) सोपवायचे ठरवले, आणि १३ मार्च २०२४ च्या डेनकुन बदलापासून रोलअप आपली माहिती ‘ब्लॉब’मध्ये स्वस्तात टाकतात. ते ब्लॉब नोडवर सुमारे १८ दिवसच ठेवणे बंधनकारक असते. तुमच्या सुट्या भागांच्या नोंदी वर्षानुवर्षे लागणार असतील, तर जुनी माहिती कोण जपणार हे करारात लिहून घ्या. स्वस्ताईचे कारण तेच आहे.

नोंदकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. अठरा दिवसांची बाब माझ्या टिपणात नव्हती. ती आता पहिल्या पानावर जाईल.

दरम्यान आम्ही दोन नमुने लिहून चाचणी घेतली: एक सॉलिडिटीमध्ये रोलअपसाठी, दुसरा रस्ट या भाषेत सोलानासाठी. दुसरा कितीतरी पटींनी पुढे जाईल अशी अपेक्षा होती. स्थानिक चाचणीत तसे काहीच झाले नाही. कोअर रिकामे बसलेले दिसत होते आणि व्यवहार रांगेत उभे होते. यंत्र बदलले, सेटिंग बदलली, पण फरक पडेना. चूक माझीच आहे असे वाटते, पण ती दिसत नाही. प्रत्येक सुट्या भागाचे खाते वेगळे आहे, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला अडथळा होण्याचे कारण नाही.

हॅशांबर

प्रत्येक भागाचे खाते वेगळे आहे हे ठीक. प्रत्येक व्यवहारात लिहिण्यासाठी उघडले जाणारे एखादे समान खाते आहे का?

नोंदकर्ता

आहे. ‘एकूण नोंदी’ नावाचा आकडा एका खात्यात ठेवला आहे, आणि प्रत्येक नोंदीबरोबर तो एकाने वाढतो. डेटाबेसच्या सवयीने घातला होता.

हॅशांबर

सापडला. सोलानामध्ये प्रत्येक व्यवहाराला आपण कोणती खाती वाचणार आणि कोणती लिहिणार हे आधीच सांगावे लागते. ज्यांची लिहिण्याची खाती वेगळी आहेत ते व्यवहार शेजारीशेजारी चालतात. ज्यांचे एकही समान आहे ते एकामागून एक चालतात. तुमच्या त्या एका आकड्याने सगळ्या सुट्या भागांना एकाच रांगेत उभे केले आहे. सॉलिडिटीच्या नमुन्यात तुम्हाला हे जाणवले नाही, कारण तिथे व्यवहार मुळातच एकामागून एक चालतात.

बाइटभर

ही चूक प्रत्येक जण एकदा तरी करतो. आमच्या गटाने तर दोनदा केली. ॲप्टॉस या साखळीमध्ये खाती आधी सांगावी लागत नाहीत. तिथे व्यवहार समांतर चालवून पाहतात आणि टक्कर झाली तर तेवढेच पुन्हा चालवतात; पण अशा मोजणीच्या आकड्यामुळे टकराच इतक्या होऊ लागल्या, की त्यांना त्यासाठी ‘ॲग्रिगेटर’ ही वेगळी सोय करावी लागली. सुई (Sui) नावाच्या साखळीमध्ये ज्या वस्तूचा मालक एकच असतो तिचा व्यवहार सर्वांच्या क्रमाची वाट न पाहता पुढे जातो, त्यामुळे ‘भाग याच्याकडून त्याच्याकडे गेला’ ही तुमची नोंद तिथे छान बसेल. मात्र तपासनीस आणि मालक या दोघांनाही त्याच वस्तूवर लिहायचे असेल तर ती सामायिक होते आणि पुन्हा रांग आली. या दोन्ही साखळ्या फेसबुकच्या लिब्रा प्रकल्पात तयार झालेल्या मूव्ह भाषेवर उभ्या आहेत. लिब्रा गुंडाळली गेली, पण तिथले विकसक भाषा घेऊन बाहेर पडले.

नोंदकर्ता

आकडा काढून टाकला. मोजणी आता साखळीबाहेर, नोंदींच्या लॉगवरून करतो. तेच यंत्र, तीच चाचणी, आणि आज सकाळी सगळे कोअर भरलेले दिसले.

माझ्या मूळ प्रश्नावर टिपणात आता असे लिहीत आहे: वीज वाचली ती सोडतीचे तिकीट बदलल्यामुळे, आणि त्याची किंमत नाणी अडकवणाऱ्याने मोजली, वेग मिळाला तो काही ठिकाणी सभासद कमी करून, काही ठिकाणी यंत्रे महाग करून, काही ठिकाणी जुनी माहिती टाकून देऊन, आणि उरलेला भार माझ्यासारख्या प्रोग्रामरवर टाकून. शेवटच्या मुद्द्याला उदाहरण द्यायला लांब जावे लागले नाही.

एक शंका मात्र उरली आहे. तपासनीस आणि मालक यांच्या नोंदी दोन वेगळ्या खात्यांत ठेवल्या, तर रांग टळते. पण भाग तपासणीत नापास झाला त्याच क्षणी मालकाने तो पुढे विकला, तर काय?

विद्युल्लता

मग तिथे रांग हवीच. त्या दोन नोंदी एकाच खात्यात राहू द्या, आणि बाकीचे वेगळे करा.